गावातल्या वन्यजीवांची नोंद: काय दिसले याइतकेच कसे पाहिले हेही लिहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: गावातील बारा-पंधरा जणांनी मिळून परिसरातील पक्षी, सस्तन प्राणी, बेडूक, फुलपाखरे यांची पद्धतशीर नोंद ठेवायचे ठरवले आहे, गटात शास्त्राचे शिक्षण घेतलेले कोणी नाही, तर सुरुवात कशी करावी, कोणत्या नोंदी विश्वासार्ह मानल्या जातील, आणि पाच-दहा वर्षांनी त्यातून काही ठोस निष्पन्न व्हावे यासाठी आजच काय ठरवून ठेवावे? यातला शेवटचा भाग आपण आत्ताच विचारलात हे फार चांगले झाले. बहुतेक गटांना तो प्रश्न चौथ्या-पाचव्या वर्षी पडतो आणि तोपर्यंत हातातून बरेच काही निसटलेले असते.

मी ज्या पहिल्या गटाबरोबर काम केले त्याचे असेच झाले. तीन वर्षे आम्ही मन लावून नोंदी केल्या, वह्या भरल्या, छायाचित्रे जमवली. मग कोणीतरी साधा प्रश्न विचारला की, गावाच्या तळ्याकाठचे बेडूक कमी होत आहेत का? आमच्याकडे बेडकांच्या शेकडो नोंदी होत्या, पण उत्तर नव्हते. पहिल्या वर्षी तळ्यावर किती वेळा गेलो, किती जण होतो, किती वेळ थांबलो, यातले काहीच कोणी लिहिलेले नव्हते. दुसऱ्या वर्षी नोंदी वाढल्या होत्या, पण त्या वर्षी गटात चार नवे उत्साही सदस्य आले होते. तिसऱ्या वर्षी त्या घटल्या, कारण त्यांतले तिघे शिक्षणासाठी बाहेर गेले. बेडकांचे काय झाले हे त्या वह्या सांगत नव्हत्या. माणसांचे काय झाले एवढेच सांगत होत्या. आपल्या प्रश्नाला माझे उत्तर त्या अनुभवातून आलेले आहे. काय दिसले याच्या जोडीला ते पाहण्यासाठी किती कष्ट घेतले हे लिहा, आणि जे शोधूनही दिसले नाही तेही लिहा.

हे थोडे उलगडून सांगतो. 'आज चिमण्या दिसल्या, सहा' या नोंदीतून चिमण्या आहेत एवढे कळते. 'सकाळी 6.40 ते 7.10, ठरलेल्या वाटेवर एक किलोमीटर, दोन निरीक्षक, ओळखता आलेले सर्व पक्षी नोंदवले, चिमण्या सहा' या नोंदीची तुलना पुढल्या वर्षीच्या तशाच नोंदीशी करता येते. शिवाय 'सर्व पक्षी नोंदवले' या तीन शब्दांमुळे यादीत नसलेल्या पक्ष्यांबद्दलही काही सांगता येते, कारण ते लिहायचे राहिले नसून ते आढळलेच नाहीत हे स्पष्ट होते. ईबर्ड या पक्षीनोंदीच्या जागतिक व्यासपीठावर प्रत्येक यादी जमा करताना आपण ओळखलेले सर्व पक्षी नोंदवत आहात का, हा प्रश्न याच कारणासाठी विचारला जातो. अर्धवट यादीपेक्षा पूर्ण यादीचे मोल कितीतरी जास्त असते, मग ती पूर्ण यादी केवळ पाच नेहमीच्या पक्ष्यांची का असेना. आपल्या स्वयंसेवकांच्या मनावर हे पहिल्या दिवसापासून बिंबवा, कारण स्वभावतः माणूस दुर्मिळ तेच लिहितो आणि कावळा, साळुंकी, चिमणी सोडून देतो. आज सामान्य असलेली प्रजाती कमी झाली, तर ते ओळखायला आजचे सामान्य आकडेच लागतात.

गिधाडांचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. 1990च्या दशकाच्या आरंभी भारतात रस्त्यांवरून ठरावीक मार्गांनी शिकारी पक्ष्यांची गणना झाली होती. तेव्हा गिधाडे इतकी सर्वत्र होती की त्यांच्याबद्दल कोणाला विशेष चिंता नव्हती. 2000 साली तेच मार्ग पुन्हा धुंडाळले तेव्हा गिधाडांच्या संख्येत 90 टक्क्यांहून अधिक घट झालेली आढळली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध या मृत्यूंचे कारण आहे, हे 2004मध्ये पाकिस्तानातील अभ्यासातून पुढे आले आणि 2006मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. घट किती वेगाने आणि किती मोठी झाली हे दाखवता आले ते पहिली मोजणी हाताशी होती आणि दुसरी त्याच रीतीने झाली म्हणूनच.

गटात शास्त्रज्ञ नाही याची खंत बाळगू नका. जर्मनीतील क्रेफेल्ड या शहरातील हौशी कीटक-अभ्यासकांच्या संस्थेने 1989पासून संरक्षित क्षेत्रांत एकाच बनावटीचे जाळीचे सापळे लावून उडणारे कीटक गोळा केले आणि त्यांचे वजन करून ठेवले. 63 ठिकाणांच्या त्या नोंदींवर आधारलेला शोधनिबंध 2017मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा 27 वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन 75 टक्क्यांहून अधिक घटल्याचे जगाला कळले. त्या लोकांनी विलक्षण काही केले नव्हते. सापळा बदलला नाही, पद्धत बदलली नाही आणि वजन लिहून ठेवायचे सोडले नाही. अमेरिकेतील नाताळची पक्षीगणना 1900 साली फ्रँक चॅपमन यांच्या पुढाकाराने 27 निरीक्षकांवर सुरू झाली आणि आजही चालू आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा 2023चा अहवाल 942 प्रजातींचा आढावा घेऊ शकला तो 30,000हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या याद्यांच्या बळावर.

आता कामाकडे वळू. सर्वप्रथम दोन कामे वेगळी करा. एक काम यादी करण्याचे: गावाच्या हद्दीत कोणकोणते जीव आहेत. दुसरे काम बदल मोजण्याचे: त्यांतले कोणते वाढत आहेत, कोणते घटत आहेत. यादीसाठी कुठेही, केव्हाही, कोणालाही दिसलेली नोंद चालते. शाळेत जाणाऱ्या मुलाने वाटेत पाहिलेला साप आणि रात्री घराच्या दिव्यावर आलेला पतंग यांचेही स्वागत करा. बदल मोजण्यासाठी मात्र ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि ठरलेली रीत लागते, तिथे सवलत नाही. पहिल्या प्रकारच्या नोंदी एका वहीत आणि दुसऱ्या प्रकारच्या दुसऱ्या वहीत ठेवा. गट मोडण्याचे एक मोठे कारण मी असे पाहिले आहे की, सर्वांना सर्व कामे काटेकोरपणे करायला लावली जातात आणि ज्यांना फक्त आनंदाने पाहायचे होते ते दुरावतात. गटातील तिघे-चौघे मोजणीची शिस्त पाळणारे असले आणि बाकीचे यादीत भर घालणारे असले, तरी काम उत्तम चालते.

मोजणीसाठी प्रथम गावाचा नकाशा घ्या आणि त्यावर अधिवास रंगवा: पिकाखालची जमीन, पडीक जमीन, गवताळ माळ, झाडोरा, पाणवठे, ओढाकाठ, वस्ती. मग प्रत्येक महत्त्वाच्या अधिवासातून एक-दोन मार्ग किंवा काही थांबे निवडा. इथे एक मोह आवरावा लागतो. जिथे खूप जीव दिसतात अशी आवडती जागा निवडण्याकडे सगळ्यांचा कल असतो, पण अशी जागा आज शिगेला असते म्हणूनच आवडती असते, आणि पुढे तिथली संख्या केवळ योगायोगानेही खाली येते. मग संपूर्ण गावात घट झाल्याचा खोटा भास होतो. शक्य तर नकाशावर समान अंतराच्या चौकटी आखून त्यांतून चिठ्ठ्या टाकून जागा काढा. निघालेली जागा नीरस वाटली तरी ती बदलू नका. आवडत्या जागा यादीच्या कामासाठी मोकळ्या आहेतच.

मार्ग किंवा थांबे यांची रीत स्वतः शोधून काढण्याची गरज नाही. जगभर पारखलेल्या पद्धती उपलब्ध आहेत. उत्तर अमेरिकेतील विणीच्या पक्ष्यांच्या सर्वेक्षणात 1966पासून सुमारे 39 किलोमीटरच्या रस्त्यावर 50 थांबे घेतात आणि प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटे सुमारे 400 मीटरच्या परिघात दिसलेले व ऐकलेले पक्षी मोजतात. गावासाठी एवढा पसारा नको. एकमेकांपासून किमान 200-250 मीटर दूर असे आठ-दहा थांबे आणि प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे, एवढे पुरते. अंतर ठेवायचे कारण हे की, एकच पक्षी दोन थांब्यांवर मोजला जाऊ नये. फुलपाखरांसाठी ब्रिटनमध्ये 1976पासून चालत आलेली अर्नी पोलार्ड यांची पद्धत मला सर्वांत आवडते, कारण ती शिकायला अर्धा तास पुरतो. ठरलेल्या वाटेने सावकाश चालायचे, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्या काल्पनिक चौकोनात येणारी फुलपाखरे तेवढी मोजायची, बाहेरची कितीही देखणी असली तरी सोडून द्यायची. ऊन, वारा आणि तापमान यांच्या मर्यादाही तिथे ठरवून दिल्या आहेत: हवा 13 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर मोजणी नाही, 13 ते 17 अंशांदरम्यान असेल तर पुरेसे ऊन हवे. हे नेमके आकडे थंड प्रदेशासाठी आहेत. आपल्या हवामानाला साजेशी मर्यादा आपण ठरवा, पण ठरवा आणि लिहून ठेवा. 'आज हवा बरी वाटली' हा निकष दर माणसागणिक बदलतो.

किती वेळा जायचे, हा प्रश्न हमखास येतो. समजा, एखादा प्राणी तिथे राहतो, पण एका फेरीत तो दिसण्याची शक्यता 30 टक्के आहे. मग तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे 34 टक्के राहते, म्हणजे तीनदा जाऊन 'इथे नाही' असे म्हणणे धाडसाचे आहे. आठ फेऱ्यांनंतर ती शक्यता सुमारे 6 टक्क्यांवर येते. म्हणून 'आढळला नाही' या शब्दांपुढे नेहमी फेऱ्यांची संख्या लिहा. माझा सल्ला असा की, जागा कमी घ्या आणि फेऱ्या जास्त करा. एका ऋतूत सहा जागांवर चार-चार फेऱ्या या चोवीस जागांवर एकेका फेरीपेक्षा नवशिक्या गटाला जास्त शिकवतात, आणि निरीक्षकाची स्वतःची नजर किती चुकते हेही त्याच्या ध्यानात येते.

सगळे जीवगट एकदम हाती घेऊ नका. पक्षी हा पहिला गट असावा, कारण ते दिवसा दिसतात, आवाजावरून ओळखता येतात आणि त्यांच्यावर मार्गदर्शक पुस्तके भरपूर आहेत. दुसरा गट फुलपाखरे किंवा चतुर व टाचण्या (चतुरांसारखेच, पण सडपातळ कीटक) यांचा घ्या. चतुर पाण्याशी बांधलेले असल्याने तळी-ओढ्यांची अवस्था त्यांच्यावरून कळत जाते. बेडकांसाठी पावसाच्या पहिल्या सरींनंतरच्या रात्री महत्त्वाच्या असतात. पाणवठ्यावर पाच मिनिटे शांत उभे राहून आवाज मोजा, आणि मोजता येत नसेल तर 'एक-दोन सुटे आवाज', 'अनेक पण वेगळे ओळखू येणारे', 'अखंड एकमेकांत मिसळलेले' अशा तीन पायऱ्या वापरा.

सस्तन प्राणी थेट फार कमी दिसतात, म्हणून तिथे खुणांचे शास्त्र शिकावे लागते, आणि या भागात मी थोडा रेंगाळणार आहे, कारण गावकरी स्वयंसेवकांचे खरे सामर्थ्य मला इथे दिसत आले आहे. पाऊलखुणा, विष्ठा, लेंड्या, उकरलेली माती, झाडावरचे ओरखडे, कुरतडलेली फळे या सगळ्या नोंदी आहेत. पाऊलखुणेचे छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी ठेवा, कॅमेरा बरोबर वरून धरा आणि एका ठशावर समाधान न मानता सलग चार-पाच ठसे घ्या. चिखलात ठसा पसरतो आणि एकट्या ठशाने मोठमोठे जाणकार फसतात. वाटेवर एक मीटर रुंद पट्टा मऊ बारीक मातीने सारखा करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिला, तर रात्री कोण गेले हे जवळजवळ विनाखर्च कळते. पट्टे किती आणि रात्री किती हे मात्र लिहायचे. गव्हाणी घुबड वस्तीजवळच्या जुन्या इमारतींत राहते आणि न पचलेली हाडे व केस यांच्या घट्ट गोळ्या ओकून टाकते. तिथल्या जमिनीवरच्या अशा गोळ्या हातमोजे घालून गोळा करून कोमट पाण्यात भिजवल्या की आतल्या कवट्या आणि जबडे वेगळे होतात, आणि त्यांवरून उंदीर, चिचुंद्री यांसारख्या लहान प्राण्यांच्या प्रजाती एकही सापळा न लावता कळतात. शाळकरी मुलांना यात जेवढा रस वाटतो तेवढा मी दुसऱ्या कशात पाहिलेला नाही. गोळ्यांसाठी घुबडाच्या विणीच्या काळात आत शिरू नये, हे पथ्य आहे.

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे, मिळाले तर उत्तम, पण त्यांची नोंदही कष्टाच्या हिशोबात ठेवा: चार कॅमेरे पंधरा रात्री म्हणजे 60 कॅमेरा-रात्री. एकच प्राणी कॅमेऱ्यासमोर घोटाळत राहिला तर त्याची वीस छायाचित्रे येतात. म्हणून एकाच प्रजातीच्या दोन छायाचित्रांत किमान अर्धा तास गेला असेल तरच दुसरी नोंद वेगळी धरण्याचा प्रघात आहे. या कॅमेऱ्यांत माणसेही टिपली जातात. कॅमेरे कुठे आहेत हे गावाला आधी सांगा आणि माणसांची छायाचित्रे कोणी पाहण्याआधी पुसून टाकण्याचा नियम करा. एका गटाने हे केले नाही आणि एका छायाचित्रावरून गावात जो वाद उभा राहिला त्याने सर्वेक्षणच बंद पडले.

विश्वासार्हतेबद्दल आपण विचारले आहे. नोंद विश्वासार्ह होते ती निरीक्षकाच्या नावाने नव्हे, पुराव्याने. दर नोंदीपुढे ओळख कशावरून पटवली हे लिहा: पाहिले, ऐकले, छायाचित्र, ठसा, मृत अवस्थेत आढळले. आणि खात्री किती हेही लिहा. 'चतुर, प्रजाती ओळखता आली नाही' ही प्रामाणिक आणि उपयोगी नोंद आहे. दबावाखाली चिकटवलेले नाव मात्र पुढे अनेक वर्षे उपद्रव करते, कारण एकदा यादीत शिरलेली चूक कोणी बाहेर काढत नाही. नवख्याला 'ओळखता आले नाही' असे म्हणताना कमीपणा वाटू नये, ही जबाबदारी गटातल्या अनुभवी माणसाची आहे, आणि त्याने स्वतः ते शब्द सर्वांसमोर वारंवार वापरले तरच ती पार पडते.

ओळख सुचवणारी मोबाइल ॲप वापरा, पण सूचना म्हणून. यंत्राने सुचवलेले नाव आले की त्या प्रजातीचा आढळ या भागात आहे का, हा ऋतू तिचा आहे का, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या प्रजातीपासून तिला वेगळे करणारी खूण छायाचित्रात दिसते का, हे तीन प्रश्न विचारा. पक्ष्यांच्या आवाजावरून नाव सांगणाऱ्या ॲपच्या बाबतीत तर स्वतः पक्षी पाहिल्याशिवाय किंवा आवाज स्वतः ओळखल्याशिवाय नोंद करू नये, असा नियम मी ठेवतो. नकला करणारे पक्षी यंत्रालाही चकवतात. आयनॅचरलिस्ट या 2008मध्ये सुरू झालेल्या व्यासपीठावर छायाचित्र टाकले की इतर जाणकार ओळख सुचवतात, आणि दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे प्रजातीवर एकमत झाले की ती नोंद संशोधनयोग्य श्रेणीत जाते. अशा नोंदी पुढे जागतिक जैवविविधता माहितीच्या जीबीआयएफ या भांडारात पोचतात आणि कोणत्याही देशातील अभ्यासकाला खुल्या होतात.

गटातल्या निरीक्षकांमधला फरक मोजण्याचा एक सोपा उपाय आहे. वर्षातून दोनदा दोन-दोन निरीक्षकांनी एकाच थांब्यावर, एकाच वेळी, एकमेकांशी न बोलता मोजणी करावी आणि मग याद्या शेजारी ठेवाव्यात. एकाला चौदा प्रजाती आणि दुसऱ्याला नऊ असे निघाले तर कोणाला रागावू नका. बहुधा फरक कानाचा असतो, विशेषतः वय वाढले की उंच पट्टीतले बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. ही गोष्ट नोंदीत असेल तर पुढे आकड्यांचा अर्थ लावताना हिशोबात धरता येते.

आता एका अशा साठ्याबद्दल, जो दरवर्षी कमी होत जातो: वडीलधाऱ्यांची आठवण. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995मध्ये दाखवून दिले की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे पाहिले तेच 'मूळचे' समजते, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांची मोठी घट कोणाच्या लक्षात येत नाही. यावर उपाय म्हणून गावातील मेंढपाळ, शेतकरी, मासेमारी करणारे, औषधी वनस्पती गोळा करणाऱ्या स्त्रिया यांच्याशी निवांत बोला. 'पूर्वी खूप होते का?' असे विचारू नका, त्याला 'हो' हेच उत्तर येते. एखाद्या ठळक घटनेचा आधार घ्या: मोठा पूर आला त्या वर्षी, थोरल्या मुलीचे लग्न झाले त्या सुमारास, हा प्राणी कुठे आणि किती दिवसांनी एकदा दिसायचा? चित्रे दाखवून विचारताना त्यांत त्या भागात मुळीच नसलेल्या एक-दोन प्राण्यांची चित्रे मिसळा. कोणी त्यांनाही 'हो, पाहिला आहे' म्हणाले तर त्या मुलाखतीतल्या बाकी उत्तरांकडे जपून पाहावे लागते. स्थानिक नावे उच्चारासह जशीच्या तशी लिहा. एकाच नावाखाली दोन-तीन प्रजाती असू शकतात आणि एकाच प्रजातीच्या नर-मादीला दोन नावे असू शकतात, म्हणून स्थानिक नावापुढे शास्त्रीय नाव खात्री झाल्यावरच लावा. सांगणाऱ्याचे नाव नोंदवहीत घालायचे की नाही, हे त्यालाच विचारा.

लिखाणाची पद्धत कंटाळवाणी वाटते, पण सगळे तिच्यावर उभे असते. शेतात कागदावर पेन्सिलने लिहा. पेन्सिल पावसात पुसली जात नाही. त्याच संध्याकाळी नोंद संगणकातल्या तक्त्यात उतरवा, एका ओळीत एका प्रजातीची एकच नोंद या रीतीने: तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, जागेचा ठरलेला क्रमांक, अक्षांश-रेखांश, प्रजाती, संख्या, पुराव्याचा प्रकार, निरीक्षक, हवामान. वर्ष चार आकड्यांत लिहा. अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर चार अंकांपर्यंत पुरे, त्याने साधारण 11 मीटरची अचूकता मिळते. संख्या शून्य असेल तर शून्य लिहा, रिकामी जागा सोडू नका. रिकाम्या चौकटीचा अर्थ 'नव्हते' की 'पाहिलेच नाही' हे सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. मूळ कागद फेकू नका आणि तक्त्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा. पद्धत ठरवणारे दोन पानांचे टिपण लिहून वहीच्या पहिल्या पानाला लावा; आज सर्वांना तोंडपाठ असलेले नियम पाच वर्षांनी नव्या माणसाला कोणी सांगणार नाही. पद्धतीत बदल करावाच लागला तर निदान एक हंगाम जुनी आणि नवी रीत शेजारी-शेजारी चालवा, म्हणजे आकड्यांतली उडी कशामुळे आली ते कळेल.

जिवांच्या सुरक्षेपुढे नोंद दुय्यम आहे. घरट्याजवळ जाऊ नये, पक्ष्याला बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नये, साप किंवा वटवाघूळ हाताळू नये. प्राणी पकडणे वा हाताळणे यासाठी बहुतेक देशांत परवाना लागतो. भारतात 1972चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आहे, तर ब्रिटनमध्ये 1981चा वन्यजीव व ग्रामीण परिसर कायदा. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना बूट घासून, निर्जंतुक करून पूर्ण वाळवा, कारण बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या बुटांवरून पसरू शकते. शिकारीचा किंवा चोरट्या व्यापाराचा धोका असलेल्या प्रजातींची नेमकी जागा कधीही जाहीर करू नका. आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त प्रजातींचे स्थान 0.2 अंशांच्या चौकटीत धूसर करते आणि ईबर्डही संवेदनशील पक्ष्यांची जागा लपवते, पण आपल्या गटाच्या फोनवरील संदेशांत टाकलेले छायाचित्र कोणी धूसर करत नाही. हा धोका मला व्यासपीठांपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. खासगी जमिनीत शिरण्यापूर्वी मालकाला विचारा, आणि तिथे काय आढळले हे सर्वांत आधी त्यालाच सांगा. ज्याच्या बांधावर घुबडाचे घरटे निघाले तो शेतकरी पुढे स्वतःहून राखण करतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

राहता राहिले सातत्य. प्रत्येक मार्गाला दोन जबाबदार माणसे नेमा, म्हणजे एक आजारी पडला तरी फेरी चुकत नाही. वर्षभराच्या फेऱ्यांचे दिवस पेरणी-कापणीचे दिवस टाळून आधीच ठरवा, आणि गटाला सहज झेपेल त्याच्या निम्मेच काम अंगावर घ्या. वर्षातून एकदा मोठ्या कागदावर साधे आलेख काढून गावासमोर मांडा: या तळ्यावर गेल्या वर्षी इतके, यंदा इतके. दोन-तीन वर्षांच्या चढउतारावरून 'घट झाली' असे जाहीर करण्याची घाई मात्र करू नका. पाऊसपाण्यामुळे संख्या वर्षागणिक वर-खाली होतच असते, आणि चुकीची ओरड एकदा झाली की नंतरच्या खऱ्या इशाऱ्याकडे लोक लक्ष देत नाहीत.

पहिल्या महिन्यात एवढेच करा: नकाशा रंगवा, चिठ्ठ्या टाकून सहा जागा काढा, दोन पानांचे टिपण लिहा आणि एकाच जागेवर सर्वांनी मिळून तीन सरावफेऱ्या करा. त्या तीन फेऱ्यांच्या नोंदी मोजणीत धरू नका. त्यांतून टिपणातली कोणती वाक्ये दोघांना दोन प्रकारे समजली ते कळेल, ती वाक्ये दुरुस्त करा. दुरुस्त केलेले टिपण आणि पहिल्या ऋतूचा तक्ता माझ्याकडे पाठवलात तर मी ओळीओळीने वाचून कळवेन.